कवठ्याहून दौंडला, पहिल्या गिअरात

गाडी घरी आली त्या दिवशी शेजारच्या काकांनी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि शांतपणे विचारलं, "बाकीची कधी येणार?"

त्यांचं चुकलं नव्हतं. गाडीला दोनच दारं, दोनच सीट, वर कापडाचं घडीचं छप्पर आणि मागे डिकी म्हणावी असं एक फडताळ. दोन माणसं, एक पिशवी आणि माझा अहंकार एवढंच तिच्यात मावतं. रंग पिवळाधमक. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सहा गिअर, तेही हातानं टाकायचे. हल्ली जो तो ऑटोमॅटिक घेतो, आणि घेतल्यावर मला भेटला की पस्तावतो, कारण गाडी हातापायांनी चालवायची गोष्ट आहे, बोटांनी नव्हे, यावर मी त्याला चहा थंड होईपर्यंत ऐकवतो. माझा डावा गुडघा गेली दोन वर्षं कुरकुरतो आहे आणि क्लच डाव्या पायानंच दाबायचा असतो, ही गोष्ट मी या व्याख्यानातून वगळतो.

गाडी आली आणि दुसऱ्याच आठवड्यात माझ्या मेहुण्याच्या मुलाचं, ओंकारचं लग्न निघालं. सासुरवाडी कवठे येमाईची, शिरूर तालुक्यातली. मुलगी दौंड तालुक्यातली, केडगावच्या अलीकडच्या एका गावातली. लग्न मुलीच्या दारी. मी उत्साहाच्या भरात फोन लावला आणि ओंकारला म्हणालो, "तुझा परण्या माझ्या गाडीतून!"

परण्या (लग्न लागण्याआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या देवळात नेऊन आणतात ती मिरवणूक) आमच्या सासुरवाडीत घोड्यावरून निघतो. ओंकार म्हणाला, "मामा, खरंच? मग घोडा क्यान्सल करतो." आमच्याकडे आत्याचा नवरा म्हणजे मामाच. घोडा तिथल्या तिथे रद्द झाला.

"मिरवणूक किती वेळ चालते, माहीत आहे का तुम्हाला?" सुनंदानं, माझ्या बायकोनं विचारलं. "तुम्ही नेहमी अक्षता पडताना येता आणि मठ्ठा प्यायला की निघता."

मी तिला समजावून सांगितलं. मांडव ते मारुती अंतर पाव किलोमीटर. पहिल्या गिअरात नुसता पाय सोडला तरी गाडी माणसाच्या चालीपेक्षा जरा जास्त चालते. म्हणजे पाच मिनिटं, फार तर दहा. सव्वीस वर्षांच्या संसारात ती माझी आकडेमोड तोंडानं खोडत नाही, काळावर सोपवते.

आता या सगळ्यात माझा स्वार्थ काय होता तेही सांगून टाकतो. माझे सासरे, आबा. वय ऐंशीच्या पुढे, डोक्यावर टोपी, अंगात पांढरा सदरा, पायांत कर्रकर्र वाजणाऱ्या वहाणा. एके काळी पंचक्रोशीतल्या घाटांत (चढावरच्या धावपट्टीला इकडे घाट म्हणतात, तिथे बैलगाडे पळवतात) आबांच्या बैलजोडीचं नाव होतं. मी जावई झाल्यापासून ते माझ्याशी दोनच वाक्यं बोलत आले. आल्यावर "कवा आलात?" आणि निघताना "जेवलात का?" हाक मारायची ती "पाव्हणं". लोकांना ओळख करून देतानाही "हे पुण्याचं पाव्हणं". वेगाची आवड असलेला माणूस तो आणि मीही, पण आमचं कधी जमलंच नाही. या गाडीनं तरी आबांनी मला माणसांत धरावं, आपलं म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. इतक्या साध्या इच्छेसाठी इतकी महागाची गाडी घेणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल.

पहाटे पुणं सोडलं. थंडी होती, तरी मी छप्पर उघडं ठेवलं. सुनंदा शाल, स्कार्फ आणि माझा कानटोपा घालून बसली. वाघोलीपर्यंत गाडीनं पहिला आणि दुसरा एवढेच गिअर पाहिले. कोरेगावला तर वाहनं अशी अडकली होती की मी कंटाळून वढू बुद्रुकचा रस्ता धरला. सकाळच्या उन्हात संभाजी महाराजांच्या समाधीपाशी एक सहलीची बस थांबली होती. आम्ही दर्शन घेऊन परतलो, तर नगरकडच्या एक आजी गाडीत वाकून बघत होत्या.

"मागं कुठं बसत्यात रं भाऊ?"

"मागे बसत नाहीत, आजी. दोघांचीच आहे."

आजींनी सुनंदाकडे पाहिलं आणि माझ्याकडे दयेनं. "असू दे. लेकरंबाळं झाली म्हंजी घेशील मोठी." आमची मुलगी नोकरीला लागून तीन वर्षं झाली आहेत.

तिथून पुढे केंदूरच्या शिवारातून जाणारा रस्ता मात्र गाडीसाठीच केल्यासारखा. दोन्ही बाजूंना कांदा, मध्येच ज्वारी, वळणं लांबच्या लांब आणि मोकळी. मी तिसरा टाकला, चौथा टाकला. गिअरचा दांडा आखूड, टाकला की आत खट्‌कन बसतो, आणि तो बसल्याचं तळहाताला जे समाधान मिळतं ते मला शब्दांत सांगता येत नाही. सुनंदाला सांगायला गेलो तर ती म्हणाली, "समोर बघा." समोर गतिरोधक होता.

शिरूर तालुक्यातल्या गतिरोधकांवर स्वतंत्र पुस्तक होईल. ज्याच्या दारातून रस्ता जातो त्यानं आपापल्या ऐपतीनं एकेक बांधलेला. माझ्या गाडीचं पोट जमिनीपासून वीतभर. त्यामुळे प्रत्येक गतिरोधक तिरका घ्यायचा, एक चाक आधी, दुसरं मागून, आणि तरीही खालून खर्रर्र असा आवाज यायचा. तो आवाज आला की मी डोळे मिटायचो. एका दारातला म्हातारा कौतुकानं म्हणाला, "साहेब, तुमची गाडी म्हंजी बाळंतिणीवानी चालती."

कवठ्यात पोचलो तेव्हा वऱ्हाडाच्या बसमध्ये भांडी आणि बायका चढत होत्या. आधी गाडी येमाईच्या देवळापुढे नेली. नवीन गाडी कुलदैवतापुढे नेल्याशिवाय सासुरवाडीत तिला कुणी गाडी म्हणत नाही. चारी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, हळदीकुंकू वाहिलं. हळद पिवळ्या रंगावर दिसेना, म्हणून पुजाऱ्यानं मूठभर आणखी वाहिली.

घरी शेंगदाण्याची चटणी, भाकरी आणि वाटीभर दही खाल्लं. मग कोण कशात बसणार याचा खल सुरू झाला. नवरदेव त्याच्या मित्रांच्या मोठ्या गाडीत, बायका बसमध्ये. सुनंदा माझ्याकडे न बघताच बसमध्ये चढली. आबांसाठी बसची पुढची सीट धरली होती. आबा काठी टेकत आले, बसकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी हिच्यात बसतो."

आबांना आत बसवणं म्हणजे विहिरीत घागर सोडण्यासारखं होतं. हळूहळू, वाकवत, एकदम धप्प. बसल्यावर ते म्हणाले, "लई खाली हाय." मी दार लावलं. मनात म्हटलं, आबा, आता बघा.

आणि काहीच बघायला मिळालं नाही. मलठण सोडल्यावर रस्ता मोकळा लागला, मी तिसऱ्यातून गाडी ओढली, तोच आबांनी काठी वर केली. "पाव्हणं, पुढं नवरदेव हाय. नवरदेवाच्या म्होरं गाडी काढायची न्हाई." नवरदेवाची गाडी चाळीसनं चालली होती, कारण तिच्या टपावर मित्रांनी आहेरात द्यायला घेतलेली कपाटं होती. शिरूरच्या बाजारातून, न्हावऱ्यातून, थेट भीमेच्या पुलापर्यंत मी त्या कपाटांच्या मागे होतो. पुलाच्या पुढे तर उसाचे ट्रॅक्टर लागले. एकामागे दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर, कर्ण्यावर गाणी. त्यांच्या मागे नवरदेव आणि त्याच्या मागे मी. आबा एकदाच बोलले. "आवाज चांगला हाय." मी तेवढं मनाच्या खिशात ठेवून दिलं.

पारगावच्या पुढे आबांना काकवी घ्यायची होती, म्हणून एका गुऱ्हाळावर थांबलो. कढईतून रसाची वाफ उठत होती. तिथला उत्तर प्रदेशी गुळव्या हात पुसत गाडीपाशी आला आणि आत डोकावला. "बाबूजी, इसमें गन्ना कितना आता है?"

मी म्हटलं, "ये गन्ने के लिए नहीं है, भैया. ये दौड़ने के लिए है."

त्यानं रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग उभी होती. "अच्छा," असं म्हणून तो पुन्हा कढईकडे गेला. काकवीची किटली आबांच्या पायांत ठेवून आम्ही निघालो, आणि मांडवापर्यंत माझं अर्धं लक्ष गाडीच्या नव्याकोऱ्या गालिच्याकडे होतं.

मांडवात पोचल्यावर आबांना बाहेर काढायला चौघे लागले. मग परण्याची तयारी सुरू झाली. छप्पर मागे घडी करून त्यावर जाड सतरंजी टाकली, ओंकारला फेटा, मुंडावळ्या आणि हातात लिंबू टोचलेली कट्यार अशा थाटात वर बसवलं, पाय शेजारच्या सीटवर. झेंडूच्या माळा आरशांना बांधल्या. मुलीकडची मंडळी बघायला गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, "गाडीलाबी हळद लावून आणलीया!" मी स्टिअरिंगवर असा बसलो होतो की लग्न माझंच आहे.

बँजो सुरू झाला आणि माझी पाच मिनिटं सुरू झाली.

परण्यात गाडी चालत नाही, नाच चालतो. आधी मित्र नाचले. ते दोन पावलं सरकले की मी क्लच अर्धा सोडून गाडी दोन पावलं सरकवायची आणि पुन्हा दाबायचा. मग चुलते नाचले. मग ओंकारच्या आईकडच्या मामांना ओढून आणलं. मग बायकांचा घोळका आला आणि त्यात सुनंदा! माझी बायको पुण्यात गणपतीतसुद्धा टाळ्या वाजवण्यापलीकडे जात नाही. ती इथे पदर खोचून फुगडी घालत होती आणि मध्येच माझ्याकडे बघून हसत होती. मी हात हलवला. पाय हलवू शकत नव्हतो. गुडघा शिवणयंत्रासारखा थरथरत होता. तासभर झाला तरी मारुती तेवढाच लांब दिसत होता. त्यात देवळापुढे चढ लागला. चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. ज्यानं केलं नाही त्यानं करू नये.

मग वास आला. समोरची एक मावशी नाक मुरडून म्हणाली, "कुणाची तरी भाकर करपली." ती भाकर माझी होती. मग बॉनेटच्या कडेनं धूर निघाला.

"गाडी पेटली! ए, गाडी पेटली!"

बँजो थांबला. ओंकार उडी मारायला उठला, तर तीच मावशी किंचाळली, "नवरदेवा, खाली पाय टाकू नगंस! मारुतीच्या आदी पाय भुईला लागला तर अपशकुन हुतो!" ओंकार एक पाय हवेत धरून थांबला. मी इंजिन बंद केलं. एवढी शांतता त्या गावानं लग्नसराईत कधी ऐकली नसेल. देवळाच्या पायऱ्यांवर मुलीचे वडील आणि त्यांची भावकी उभी होती. पुन्हा गाडी चालू करून चढावर रेटली तर क्लच कायमचा जाणार. न रेटली तर नवरदेव भर रस्त्यात अडकणार, आणि आबांची मान त्या भावकीपुढे खाली जाणार, तीही माझ्यामुळे. ओंकारनं घोडा रद्द केला होता आणि माझ्या गाडीतले सगळे घोडे मिळून त्या एकाची जागा भरून काढेनात. मला रडू यायचंच बाकी होतं. मी किल्लीला हात घातला. जळू दे, म्हटलं.

तेवढ्यात खिडकीपाशी वहाणा कर्रकर्र वाजल्या. "काय झालं, पाव्हणं?"

"आबा, क्लच..." मी सुरुवात केली आणि थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा तांत्रिक शब्द सापडला नाही. "गाडी दमली, आबा. माझंच चुकलं."

आबांनी बॉनेटवर हात ठेवला, चटका बसला तसा उचलला. "दमल्याला मारायचं नसतं. जू काडा तिचं. आन् तुमी उतरू नका, दिशा धरा." मग काठी बगलेत मारून ते गाडीच्या मागे गेले. "काय बघताय? लावा रं हात!"

मी गाडी न्यूट्रल केली, हँडब्रेक सोडला. मागे आधी आबांचे मित्र, मग मुलं, मग मुलीकडची भावकीसुद्धा पायऱ्या उतरून आली. आणि कुणीतरी घाटातली आरोळी ठोकली, "भिर्रर्रर्र!" बैलगाडा सुटताना जी देतात तीच. बँजोवाल्यानं ताल धरला. जगातली एक अतिवेगवान गाडी, तिच्यावर कट्यार उगारलेला नवरदेव, आणि पन्नासेक माणसं, घाटात गाडा पळताना ओरडतात तसं, "झाली, झाली, झाली!" ओरडत ती चढावरून ढकलताहेत. इंजिन बंद म्हणून स्टिअरिंग दगडासारखं जड झालेलं, त्याला मी दोन्ही हातांनी लोंबकळत होतो. मारुतीच्या दारात पोचलो तेव्हा मी घामानं निथळत होतो आणि हसत होतो. त्या चढावर केलेलं माझं ते ड्रायव्हिंग हे माझं आजवरचं सर्वोत्तम ड्रायव्हिंग आहे असं माझं प्रामाणिक मत आहे.

लग्न मुहूर्तावर काही लागलं नाही, पण त्याचा दोष माझा नव्हता. पुढाऱ्यांची शुभेच्छांची भाषणं लांबली. या वेळी मी अक्षता, जेवण, रुसवेफुगवे, पाठवणी, सगळं होईस्तोवर थांबलो. जाणार कुठे होतो?

ऊन उतरलं. गाडी निवली होती. चालू केली, तर निघाली बिचारी. मी तिला मनात नमस्कार केला. आबा पुन्हा आले आणि न विचारता दार उघडून उभे राहिले. नवरानवरी पाठीमागून बसमधून येणार होती.

भीमा ओलांडली आणि माझ्या लक्षात आलं, गाडी वरून धडधाकट आहे, आतून खचली आहे. जोरात रेटलं की इंजिन बोंबलतं, पण चाकांपर्यंत काही पोचत नाही. क्लच घसरत होता. म्हणून मी जपून, चाळीस-पन्नासनं चाललो होतो.

न्हावरा मागे पडला. समोर रस्ता सरळसोट, मोकळा, आभाळ तांबूस झालेलं. आबांनी मान वळवून मागे बघितलं.

"आता नवरदेव म्होरं न्हाई."

"नाही, आबा."

"मग सोडा की."

सव्वीस वर्षांत या माणसानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी तिसरा गिअर टाकला आणि पाय तळापर्यंत दाबला. इंजिन असं गरजलं की शेतातले बगळे उडाले. फेऱ्यांचा काटा लाल रेषेला भिडला. वेगाचा काटा साठावर गेला आणि तिथेच हेका धरून बसला. पण गाडी ठेंगणी, छप्पर उघडं, वारा तोंडावर. आबांनी टोपी काढून मुठीत धरली. पांढरे केस भुरुभुरु उडत होते. त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि मोठ्यानं ओरडले, "झाली! झाली! झाली! आरं, काय पळतीया!"

तेवढ्यात उजव्या बाजूनं एक गवळी दुधाच्या किटल्या अडकवलेल्या मोटारसायकलवरून शांतपणे आम्हाला ओलांडून गेला. जाताना त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. आबांचे डोळे मिटलेलेच होते. देवा, म्हटलं, आणखी थोडा वेळ मिटलेले राहू देत.

कवठ्यात पारावर बसलेली मंडळी गाडी बघून उठली. आबांना बाहेर काढायला त्यातले चौघे धावले. "कशी हाय गाडी, आबा?"

"गाड्या लई असत्यात," आबा टोपी घालत म्हणाले. डोळ्यांतून वाऱ्यानं पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "हाकणारा लागतो. आमच्या जावयानं अशी हाणली म्हणता, समद्या रस्त्यात एक वाहन म्होरं जाऊ दिलं न्हाई."

मी खाली वाकून टायर बघत बसलो. टायरमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं. पण वर बघितलं असतं तर माझ्याही डोळ्यांतलं पाणी वाऱ्याचं म्हणून खपलं नसतं, कारण गाडी केव्हाची उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदाला शेजारी घेऊन पुण्याकडे निघालो. नगर रस्त्याला डाव्या कडेनं, टेंपोंच्या मागून. रिक्षा पुढे गेल्या, एक शाळेची बस पुढे गेली, त्यातल्या पोरांनी मागच्या काचेतून टाटा केला. एरवी मी पेटून उठलो असतो. आज गिअर बदलायचीही घाई नव्हती. वेगासाठी घेतलेल्या गाडीनं मला जे मिळवून दिलं ते ढकलताना आणि घसरताना दिलं, हे ज्या मित्रांना मी ओकारी येईस्तोवर व्याख्यानं दिली त्यांना कसं सांगायचं, याचा विचार करत होतो.

शिक्रापूरजवळ मी सुनंदाला गवळ्याची गोष्ट सांगितली. ती इतकी हसली की स्कार्फ सुटला.

"आबांना खरं सांगायला हवं," मी म्हणालो. "नवीन क्लच बसला की त्यांना पुन्हा नेतो त्याच रस्त्यानं. खरा वेग काय असतो ते तरी कळेल."

"नका नेऊ," ती डोळे पुसत म्हणाली. "म्हणतील, जावयाची गाडी आता पहिल्यासारखी पळत नाही."